खोडरबर, सहा ओळी अन् स्पॅनिश! तयारीविना खेळता येणारे वाचनखेळ नेमके आहेत तरी काय?

खुलताबाद : प्रोजेक्टर नको, रंगीत झेरॉक्स नको. फळ्यावर सहा ओळी आणि दोघांत एक खोडरबर, एवढ्यावर स्पॅनिश वाचनाचा अख्खा तास निघतो. जगभरातील स्पॅनिशचे शिक्षक असे खेळ वर्गात सर्रास वापरतात. वेरूळची लेणी ज्या तालुक्यात आहेत, तिथल्या तरुणांना या खेळांचा उपयोग थेट कमाईसाठी होऊ शकतो.

स्पॅनिशच का?

स्पॅनिश ही २० देशांची अधिकृत भाषा आहे आणि सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. खुलताबादहून चार-पाच किलोमीटरवरील वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पाहुण्याला त्याच्याच भाषेत कैलास लेणे समजावून सांगणाऱ्या गाइडला साधारणपणे इंग्रजी गाइडपेक्षा जास्त मानधन मिळते.

गावात परकीय भाषा कोण शिकणार, या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्याने दिले आहे. गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांनी २०१९ मध्ये जपानी शिकायला घेतली. रोबोटिक्सची आवड हे त्यामागचे कारण होते.

मराठी माणसाला सोपे काय, अवघड काय?

स्पॅनिशमध्ये जसे लिहितात, जवळपास तसेच वाचतात. स्वर पाचच. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. आंबे अनेक झाले की 'गुस्ता'चे 'गुस्तान' होते, अगदी 'आवडतो'चे 'आवडतात' होते तसेच. इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो, मराठी माणूस नाही. पोर्तुगिजांकडून आलेले शब्दही मदतीला येतात. आपला पगार तिकडे 'पागार' म्हणजे पैसे देणे, तर बादली 'बाल्दे'.

घोळ होतो तो रोमन अक्षरांमुळे. इंग्रजीची सवय झालेला डोळा 'जाबोन' वाचतो, पण उच्चार आहे 'खाबोन', म्हणजे साबण! 'हे' असे दिसणारा शब्द 'आय' असा वाचायचा, कारण स्पॅनिशमध्ये एच मुका असतो. म्हणून नुसते ऐकून भागत नाही, डोळ्यांनाही सवय लावावी लागते.

खेळ कसा खेळतात?

आधी फळ्यावर मजकूर लिहा. उदाहरणार्थ, 'आय त्रेइंता ई क्वात्रो क्वेवास', म्हणजे ३४ लेणी आहेत. 'एल तेंप्लो एस दे पिएद्रा', म्हणजे मंदिर दगडाचे आहे. अशा पाच-सहा ओळी पुरतात, मात्र फळ्यावर त्या रोमन लिपीतच हव्यात.

दोन मुले समोरासमोर बसतात, मध्ये खोडरबर. शिक्षक एक विधान वाचतात. ते फळ्यावरील मजकुराशी जुळले तर खोडरबर उचलायचा. चुकीच्या विधानावर हात घातला तर गुण गेला. 'मंदिर लाकडाचे आहे' असे स्पॅनिशमध्ये म्हटले की निम्मे हात पुढे येतात आणि हशा पिकतो. अडचण एकच, चपळ मूल न वाचताही जिंकते. त्यामुळे खोडरबर उचलणाऱ्याने फळ्यावरील ती ओळ बोटाने दाखवायची, हा नियम हवाच.

दुसरा खेळ धावत्या श्रुतलेखनाचा. मजकुराचा हाताने लिहिलेला कागद व्हरांड्यातील भिंतीवर चिकटवायचा. जोडीतील एकाने धावत जाऊन वाक्य वाचायचे, लक्षात ठेवायचे आणि परत येऊन सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. ४० मुलांच्या वर्गाला चार कागद पुरतात. 'खाबोन'चे 'जाबोन' झाले की वहीत लगेच दिसते, वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही.

शिक्षकाला उभे राहायचाही कंटाळा आला असेल तर 'खोटे पकडा'. मजकूर मोठ्याने वाचताना मध्येच एक शब्द बदलायचा. 'ग्रांदे' म्हणजे मोठा, त्याऐवजी 'पेकेन्यो' म्हणजे लहान. ज्याला चूक सापडेल त्याने टाळी वाजवायची. सगळ्या वर्गाची नजर एकाच ओळीवर खिळवून ठेवणारा यापेक्षा स्वस्त खेळ सापडणे कठीण.

हाउजी किंवा फळ्यावरील शब्दावर पट्टी मारण्याचे खेळही लोकप्रिय आहेत. पण त्यात सुटा शब्द ओळखला की काम भागते, त्याला वाचन म्हणता येणार नाही. नवे शब्द पक्के करायला पाच मिनिटे ठीक.

यामागचा विचार कुठून आला?

कॅलिफोर्नियातील स्पॅनिश शिक्षक ब्लेन रे यांनी १९९०च्या सुमारास गोष्टी सांगून आणि वाचून भाषा शिकवण्याची पद्धत रुजवली. समजणारा मजकूर वारंवार कानावर आणि डोळ्यांवर पडला की भाषा येते, हे भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचे म्हणणे तिच्या मुळाशी आहे. एकच मजकूर दहा वेळा वाचायला मुले कंटाळतात. खोडरबर मध्ये ठेवला की तीच मुले तो विसाव्यांदाही वाचतात.

पुढे परीक्षा द्यायची असेल तर 'देले' हे स्पेनचे अधिकृत प्रमाणपत्र आहे. त्याची पहिली पायरी 'ए-वन'. दिल्लीतील इन्स्तितुतो सर्व्हांतेस या केंद्रात ही परीक्षा होते. तिथेही वाचनाचा वेगळा विभाग असतो आणि त्यात जाहिराती, सूचना, छोट्या चिठ्ठ्या असे छोटे मजकूरही असतात.