फोटोला साज चढवताना

सासूबाईंची पंचाहत्तरी असो की लेकीचं केळवण, घरात समारंभ ठरला की अल्बममधला एखादा जुना कृष्णधवल फोटो हमखास बाहेर निघतो. मग कुणी तरी म्हणतंच, “याला ऑईल पेंटिंगसारखं करून मोठा करू या की!” पूर्वी हे काम स्टुडिओतले कलाकार करीत. ब्रशने गालांना गुलाबी छटा देत, शालूला हिरवा रंग भरीत. आता ते घरच्या संगणकावर होतं, आणि त्यासाठी जी तयार साधनं मिळतात त्यांना म्हणतात प्लग-इन. त्यांचा बाजार केवढा मोठा आहे म्हणून सांगू! जाहिराती तर विचारूच नका.

प्लग-इन म्हणजे मिक्सरचं जादा भांडं समजा. नुसतं भांडं काही वाटत नाही, खाली मशीन लागतं. शिवाय एका मिक्सरचं भांडं दुसऱ्याला बसेलच असं नाही. तेव्हा आपल्या संगणकावर फोटोशॉप आहे की गिम्प, आणि त्याची आवृत्ती कोणती, हे आधी पाहायचं. मार्च २०२५ मध्ये गिम्पची ३.० ही आवृत्ती आली, तेव्हा आधीच्या २.१० साठी लिहिलेले कितीतरी प्लग-इन तिच्यात चालेनासे झाले. पैसे भरून झाल्यावर हे कळण्यात काय अर्थ?

आणि भांडं घेण्याआधी घरात काय आहे तेही बघा. ऑईल पेंटचा इफेक्ट फोटोशॉपमध्ये मुळातच आहे, त्यासाठी वेगळं काही घ्यायला नको. गिम्प तर फुकटच मिळतं, आणि त्याला जोडायला जी-मिक नावाचा प्लग-इनही फुकट आहे. फ्रान्समधल्या काँ शहरातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत २००८ पासून तो तयार होत आला आहे. त्यात पाचशेहून अधिक इफेक्ट आहेत. पेन्सिलचं रेखाटन, रंगवलेलं चित्र, जुन्या फिल्मची छटा, चौकटी, काय हवं ते. (पाचशे म्हणजे जरा अतीच. साडीच्या दुकानात गठ्ठेच्या गठ्ठे उलगडल्यावर जसं होतं, तसंच होतं.)

विकतच्यांमध्ये निक कलेक्शनचं नाव पुष्कळ ऐकू येतं. त्याची गंमत अशी, की २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली, मार्च २०१६ मध्ये हा संच चक्क फुकट करून टाकला, आणि २०१७ मध्ये तो डीएक्सओ या फ्रेंच कंपनीकडे गेला. तेव्हापासून नव्या आवृत्त्यांना पैसे पडतात. कृष्णधवल फोटोंसाठी त्यातला सिल्व्हर इफेक्स मला विशेष वाटतो. फोटोतल्या एका जागी बोट ठेवल्यासारखं करून तेवढ्याच भागावर इफेक्ट देता येतो, ही त्याची खरी सोय. पण वर्षातून दोन फोटो करायचे असतील, तर एवढा खर्च कशाला? त्याच कंपनीचं मोबाइलवरचं स्नॅपसीड अजून गूगलकडे आहे आणि फुकट आहे. त्याला प्लग-इन लागत नाहीत.

आता महत्त्वाचं. जाहिरातीतला फोटो मोठा, लख्ख आणि चांगल्या उजेडात काढलेला असतो. आपला असतो बोटभर, पिवळा पडलेला. ऑईल पेंटचा इफेक्ट काय करतो, तर फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला आजूबाजूच्या ठिपक्यांशी मिसळून एकसारखा रंगाचा फराटा बनवतो. म्हणजे फराट्याहून बारीक जे जे असेल, ते पुसलं जातं. आजीच्या नथीचे मोती, कपाळावरचं गोंदण, लुगड्याच्या काठाची नक्षी! संगणकाला मोती कोणता आणि फोटोवरचा डाग कोणता हे कुठलं कळायला? आणि कधी कधी त्या बाईचा घरात तेवढाच एक फोटो असतो. म्हणून प्लग-इन पारखताना पूर्ण चित्र ‘किती छान’ दिसतं यावर जाऊ नका. फोटोतली सगळ्यांत बारीक पण आपल्या मायेची खूण कोणती ते ठरवा, तिथे चित्र मोठं करून बघा. ती टिकत नसेल तर फराटा बारीक करा, नाही तर तो इफेक्ट सोडून द्या.

ही परीक्षा मोबाइलवरून आलेल्या छोट्या प्रतीवर मात्र करू नका. फराट्याचं माप ठिपक्यांत असतं. छोट्या प्रतीवर ठसठशीत दिसलेला इफेक्ट मोठ्या प्रतीवर जेमतेम जाणवतो. १२ बाय १८ इंचांची छान छपाई हवी, तर फोटो साधारण ३६०० बाय ५४०० ठिपक्यांचा लागतो. तेव्हा मूळ फोटो ६०० डीपीआयवर, अगदी लहान असेल तर १२०० वर स्कॅन करून घ्या. ती फाइल तशीच बाजूला ठेवा आणि सगळे प्रयोग नकलेवर करा. नकलेतही इफेक्ट वेगळ्या थरावर द्यावा, म्हणजे नंतर तो निम्म्यावर आणता येतो. माझ्या मते बहुतेक इफेक्ट निम्म्यावरच शोभतात.

चेहरा ‘सुंदर’ करणाऱ्या प्लग-इनपासून मात्र जरा जपूनच. सुरकुत्या घालवून, सावळा रंग उजळून जी बाई समोर येते, ती आपल्या सासूबाई नसतात हो! हल्लीचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे काही प्लग-इन तर अस्पष्ट डोळे, दात स्वतःच्या अंदाजाने नवे काढून देतात. त्यांतले कित्येक आपला फोटो कंपनीच्या संगणकाकडे पाठवतात. मुलींचे, लहान मुलांचे फोटो अशा ठिकाणी घालण्याआधी अटी नीट वाचा. त्यात उलगडा होत नसेल, तर तो प्लग-इन नकोच.

बऱ्याच कंपन्या काही दिवस फुकट वापरू देतात. तेवढ्या मुदतीत आपलेच तीन फोटो घेऊन बसा: एक जुना, एक लग्नातला गर्दीचा, एक साधा उजेडातला. तिन्हींवर चालेल असा एखादाच इफेक्ट हाती लागतो. पैसे एकदाच भरायचे की दरवर्षी, हेही विचारून घ्या. घाई नसेल तर नोव्हेंबरअखेरीस थांबून पाहा, परदेशी कंपन्या तेव्हा बरीच सवलत देतात. आणि मोठ्या प्रतीची ऑर्डर देण्याआधी स्टुडिओतून ४ बाय ६ ची एक प्रत छापून आणा. पडद्यावर उजळ दिसणारा फोटो कागदावर पुष्कळदा काळवंडतो.