कपड्याआधी अंग

लंडनमधल्या रॅथबोन प्लेस या रस्त्यावर एस. अँड जे. फुलर यांचं चित्रसाहित्याचं दुकान होतं. नाव ‘टेंपल ऑफ फॅन्सी’. १८१० साली त्यांनी ‘द हिस्टरी ऑफ लिटल फॅनी’ हे छोटं पुस्तक काढलं आणि त्यासोबत कापलेली रंगीत चित्रं दिली. नटण्यामुरडण्याची हौस असलेली फॅनी आईचं न ऐकता बाहेर पडते, अंगावरचे भारी कपडे गमावते, भीक मागते, मासळी विकते, दूध पोचवते आणि अखेर शहाणी होऊन घरी येते, अशी ही गोष्ट. प्रत्येक टप्प्याला वेगळा पोशाख. पण मुलांच्या हाताशी हलवायला होतं ते फॅनीचं फक्त डोकं! मानेखाली कागदाची पट्टी असलेलं ते डोकं एका पोशाखातून काढायचं आणि दुसऱ्याच्या पाठीमागच्या खाचेत सरकवायचं. हात, पाय, उभं राहण्याची ढब हे सारं त्या त्या पोशाखाबरोबरच रंगवलेलं.

कागदी बाहुलीची आज आपल्याला माहीत असलेली रीत याच्या उलट आहे. अंग एकच, कपडे अनेक. खांद्यावरच्या पट्ट्या मागे दुमडल्या की पोशाख चढला. ही रीत फॅनीच्याही आधीची. जर्मनीतल्या वायमारहून निघणाऱ्या एका फॅशन मासिकाने १७९१ मध्येच ‘इंग्लिश बाहुली’ची वार्ता दिली होती: साधारण आठ इंच उंच, अंगात अंतर्वस्त्रं, आणि वरून चढवायचे निरनिराळे पोशाख. पुढे छपाई स्वस्त झाली, न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफलिन ब्रदर्ससारख्या प्रकाशकांनी या बाहुल्या घरोघरी पोचवल्या आणि हीच रीत टिकली. खेळायला ती सोयीची आहे, यात शंका नाही. पण जुन्या काळाचे पोशाख काढायला बसलं की फुलरांनी काय साधलं होतं ते कळतं. भीक मागणाऱ्या फॅनीला नटलेल्या फॅनीसारखं उभं राहावं लागत नव्हतं. काळ बदलतो तेव्हा कपडा बदलतो, आणि कपड्याबरोबर अंगही बदलतं. माझ्या मते ऐतिहासिक बाहुलीचा सगळा कस इथे लागतो.

युरोपातला गेल्या अडीचशे वर्षांतला स्त्रीवेश पाहा. १७८० च्या सुमाराची चोळी देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या किंवा वेताच्या काड्या घालून ताठ केलेली. तिच्यात धड खाली निमुळतं होतं आणि खांदे मागे ओढले जातात. १८१० मध्ये कंबर छातीच्या लगेच खाली येऊन बसते. १८३० च्या सुमारास बाह्या दंडाशी फुगतात आणि खांदे उतरते दिसतात. १८५६ पासून पोलादी कड्यांचा पिंजरा घागऱ्याखाली आला आणि हलक्या वजनात प्रचंड घेर मिळाला. १८७० नंतर तो घेर मागे सरकला. १९०० च्या आसपासच्या कॉर्सेटने छाती पुढे आणि नितंब मागे ढकलले. हे सगळे पोशाख एकाच सरळसोट अंगावर चढवायचे म्हटले तर निम्मे खोटे होतात. पट्ट्या नीट बसतात, काठांची नक्षीही बिनचूक असते, आणि तरी काहीतरी चुकलंय असं डोळ्याला सारखं वाटत राहतं. म्हणून आधी त्या काळची अंतर्वस्त्रं घातलेलं अंग काढायचं. त्यावर बटर पेपर ठेवून पोशाखाची बाह्यरेषा घ्यायची. हात अंगापासून थोडे सुटे हवेत, नाहीतर बाही कापताना कात्री शिरत नाही. मोकळे केस खांद्यावर आले तर उंच गळपट्टीचा पोशाख कधीच बसत नाही. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळची चुण्यांची गोल गळपट्टी तर चेहऱ्याच्या मागेही पसरते. तिला हनुवटीखाली चीर देऊन डोकं त्यातून पुढे घ्यावं लागतं, म्हणजे फॅनीचीच युक्ती.

या बाबतीत पोशाखांच्या इतिहासकार जॅनेट आर्नल्ड यांचं ऋण फार मोठं आहे. संग्रहालयांतले जुने कपडे त्यांनी स्वतः मापले, शिवण न शिवण पाहिली आणि इंचाला अष्टमांश इंच या प्रमाणात त्यांचे आराखडे काढले. ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’चा पहिला भाग १९६४ मध्ये आला. चित्रकाराने राणीला खूश करण्यासाठी कंबर बारीक केली असेल. शिवलेल्या कपड्याला तसं करता येत नाही. आराखडा पाहिला की चुणी कुठून सुटते ते कळतं, आणि पेन्सिल आपोआप योग्य जागी थांबते. रंगांचंही तसंच. रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग मिळाला तो १८५६ मध्ये. त्याआधीच्या झग्याला तो झगझगीत जांभळा देऊ नये. मंजिष्ठा, नीळ, किरमिजी यांच्यात भागवावं. आणि १८१० च्या फॅशनमधला पांढरा झगा, ज्याच्यामागे बंगालची मलमल होती, तो पांढऱ्या कागदावर काढणं सर्वांत कठीण. तिथे पांढरा रंग लावायचाच नसतो. निळसर करड्या रंगाची पातळ छाया फक्त घडीच्या आत द्यायची आणि बाकीचा कागद कोरा सोडायचा.

कल्पनेतले पोशाख याहून सोपे असतील असं वाटतं. तसं नाही. झेल्डा फिट्झगेराल्ड हे त्याचं उत्तम उदाहरण. कादंबरीकार स्कॉट फिट्झगेराल्डची पत्नी म्हणून तिची ओळख सांगितली जाते, पण ती स्वतः लेखिका आणि चित्रकार होती. १९२७ च्या सुमारास, मुलगी स्कॉटी लहान असताना, तिने तिच्यासाठी कागदी बाहुल्या काढायला सुरुवात केली. आधी घरचीच तीन माणसं, मग चौदाव्या लुईचा दरबार, आर्थर राजाचे सरदार, परीकथांमधली पात्रं. १९३० पासून तिचं आयुष्य रुग्णालयांत आणि बाहेर असं विभागलं गेलं. १९४८ मध्ये अ‍ॅशव्हिल इथल्या रुग्णालयाला लागलेल्या आगीत तिचा अंत झाला. बाहुल्या मात्र ती नातवंडांच्या काळापर्यंत काढत होती. नात एलिनॉर लॅनहन हिने त्या २०२२ मध्ये पुस्तकरूपात आणल्या.

त्या चित्रांकडे पाहताना आधी नजरेत भरतात ते स्नायू. पिंढऱ्या, मांड्या, मान, सगळं नर्तकाचं. झेल्डाने पॅरिसमध्ये ल्युबोव्ह येगोरोव्हा यांच्याकडे बॅले शिकण्याचा ध्यास घेतला होता, आणि तो ध्यास या कागदी अंगांत उतरलेला दिसतो. चौदावा लुई स्वतः नाचणारा राजा होता. १६५३ च्या ‘बॅले द ला न्युई’मध्ये चौदा वर्षांचा असताना तो सूर्य होऊन नाचला होता. म्हणजे झेल्डाच्या हातून इतिहासाची जी मोडतोड होते, तीही इतिहासाच्याच अंगाने जाते. तिच्या पोशाखांचे रंग आणि आकार मनसोक्त असतात, पण ते पेलणारं शरीर खरं असतं. परीचे पंख, सापाच्या कातीचा झगा, काहीही काढा. त्याचं वजन कुठे पडतं आणि तो घालणारी व्यक्ती त्यात शिरते कशी, या दोन प्रश्नांची उत्तरं चित्रात हवीत. इंग्लंडमधल्या हॅटफील्ड हाउसमध्ये पहिल्या एलिझाबेथचं ‘रेनबो पोर्ट्रेट’ आहे. तिने झग्यावरून पांघरलेल्या वस्त्रावर डोळे आणि कान चितारलेत, बाहीवर साप. इतकी विलक्षण कल्पना पटते, कारण खालची बाही आणि चोळी त्या काळची आहे.

टॉम टिअर्नी या अमेरिकन चित्रकाराची वाट निराळी. आईला लहानपणापासून कागदी बाहुल्यांचा नाद, म्हणून त्याने तिला नाताळची भेट म्हणून जुन्या सिनेनटांच्या बाहुल्या काढून दिल्या. त्यातून १९७४ मध्ये ‘थर्टी फ्रॉम द थर्टीज’ हे पुस्तक झालं, आणि २०१४ मध्ये तो गेला तोवर अशी चारशेवर पुस्तकं झाली होती. तो मुळात फॅशनचा चित्रकार. कापड कसं पडतं हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. आज या विषयाकडे वळणारे अनेक जण त्याच्या पुस्तकांवरून शिकतात.

अंगाचा प्रश्न नुसता मापाचा नाही, हे अमेरिकन व्यंगचित्रकार जॅकी ऑर्म्सकडे पाहिल्यावर कळतं. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या वृत्तपत्रात १९५० ते ५४ या काळात तिच्या चित्रकथेची टॉर्ची ही नायिका येत असे, आणि सोबत ‘टॉर्ची टॉग्ज’ नावाने कापायची बाहुली आणि पोशाख. त्या काळी छापील चित्रांत कृष्णवर्णीय बाई बहुधा मोलकरीण किंवा विनोदाचा विषय. इथे ती झोकदार कपड्यांत, ताठ मानेने उभी होती. किती मुलींनी ती कात्रीने कापली असेल!

आपल्या नऊवारीसाठी मी कागदी बाहुली काढायला घेतली तेव्हा सगळ्या युक्त्या अपुऱ्या पडल्या. साडी शिवलेली नसते. तिचा आकार अंगाबरोबर प्रत्येक वेळी नव्याने ठरतो. समोरून निऱ्या, ओचा आणि पोटऱ्यांपाशी दोन पायांत विभागलेलं लुगडं दिसतं. पण नऊवारीचा प्राण जो कासोटा, तो पाठीमागे असतो. १८७० नंतरच्या, घेर मागे सरकलेल्या झग्याचीही हीच अडचण. तिथे बाहुली जरा तिरकी उभी केली की काम भागतं. कासोट्याला तेवढं पुरत नाही.

वाट जुन्याच बाहुल्यांत सापडते. एकोणिसाव्या शतकातल्या काही पेटीबंद बाहुल्या दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या असत आणि त्यांचे पोशाख पुढचा व मागचा असे दोन भाग खांद्याशी जोडून डोक्यावरून घालायचे. नऊवारीला ही रीत चपखल बसते. पुढच्या भागावर निऱ्या आणि ओचा, मागच्यावर काठासकट खोचलेला कासोटा. अंबाडा बाहुलीच्याच पाठीमागच्या बाजूला. दुमडायच्या पट्ट्या लागतच नाहीत, कारण पदराचा कागद सलग ठेवायचा: डाव्या खांद्यावर घडी, आणि त्याच घडीने दोन्ही भाग एकमेकांना धरून राहतात.