माग

लोधीखेडा हे आमचे गाव नकाशावर मध्य प्रदेशात असले, तरी गावाच्या तोंडची भाषा मराठीच आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. त्यापूर्वी आम्ही छिंदवाड्याचे होतो आणि त्याही आधी जुन्या मध्यप्रांताचे. सरकारी दप्तरे बदलत गेली. संत्र्यांचे बगीचे, कपाशीची वावरे आणि रात्री त्यांत उतरणारी रानडुकरे मात्र होती तिथेच राहिली. या रानडुकरांपासूनच प्रस्तुत हकीकतीला प्रारंभ होतो, कारण त्यांच्यासाठी लावलेल्या विजेच्या तारेत एके रात्री चितळ सापडले.

काही वर्षांपूर्वीची, पौषातली ही गोष्ट. बगीच्याच्या बांधाशी ते चितळ मान लांबवून पडले होते. वाट चुकून इतक्या दूर आलेला तो नर असावा. पुढच्या पायाला जळाल्याची काळी रेघ. तार कोणीतरी पहाटेपूर्वीच काढून नेली होती. जमिनीत ठोकलेल्या दोन-तीन खुंट्या तेवढ्या राहिल्या होत्या. नाकेदार आला, पंचनामा झाला, आणि दहाच्या सुमारास वनखात्याच्या गाडीतून एक जर्मन शेफर्ड जातीची कुत्री उतरली.

तिला चितळाकडे नेले नाही, याचेच आम्हाला प्रथम नवल वाटले. हँडलरने तिला खुंटीपाशी बसविले, खुंटी हुंगविली आणि पट्ट्याची दोरी सैल सोडली. कुत्रीने नाक जमिनीला लावले. बांधाबांधाने ती नाल्यापर्यंत गेली, पाण्यापाशी अडली, मागे फिरली, दोन वेळा अर्धवर्तुळ घेतले आणि पलीकडच्या काठावर पुन्हा तिला धागा सापडला. आमच्या शाळेच्या मागल्या भिंतीवरून ती गावात शिरली आणि एका अंगणात तुराट्यांच्या ढिगाशी जाऊन भुंकू लागली. तुराट्या उपसल्या. खाली तारेचे वेटोळे होते.

ते घर आमच्या आठवीतल्या एका मुलाचे होते.

वडिलांना नेले. मुलगा अकरा दिवस शाळेत आला नाही. बाराव्या दिवशी आम्ही स्वतः त्याच्या घरी गेलो. त्याची आई चुलीपुढून उठली नाही. कोणाच्या तोंडातून शब्द निघेना. शेवटी मुलानेच विचारले, “गुरुजी, त्या कुत्रीले कसं समजलं, तार आमच्याच घरी हाये म्हणून?”

‘कायदा’, ‘गुन्हा’, ‘वन्यजीव’ हे सगळे शब्द आम्ही बरोबर नेले होते. या प्रश्नाचे उत्तर तेवढे नेले नव्हते. वन्यजीव सप्ताहात दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भाषण ठोकणारे आम्ही; पण आम्हाला ते ठाऊक नव्हते. पुढचे महिने आम्ही त्या उत्तरासाठी पुस्तके धुंडाळली, वनखात्यात असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठले. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मराठीचा विद्यार्थी असल्याने आम्ही शब्दापासून सुरुवात केली, हा आमचा दोष समजावा. संस्कृतात ‘मृग्’ म्हणजे शोधणे. त्याच कुळातले ‘मृग’ आणि ‘मृगया’. ‘मार्ग’ या शब्दाचे नातेही जाणकार त्यांच्याशीच जोडतात. प्राकृतात ‘मार्गा’चा ‘मग्ग’ झाला आणि आपल्याकडे येता येता ‘माग’. म्हणजे आपण ‘माग काढला’ म्हणतो, तेव्हा हरणाच्या खुरांनी उमटलेली वाट नकळत जिभेवर असते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगया आहे आणि ‘सारमेयविनोद’ म्हणजे कुत्र्यांचा विनोदही आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा किती नाद होता, हे तर सर्वश्रुत आहे. खंड्या नावाच्या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचविले, असे सांगतात. संगम माहुलीला आजही त्याची समाधी दाखवितात.

मात्र आपल्याकडची नावाजलेली शिकारी कुत्री बहुधा डोळ्यांची कुत्री होत. कारवानी कुत्रा किंवा मुधोळचे कुत्रे, ज्याची जोपासना मुधोळच्या घोरपडे राजांनी केली, हे दोन्ही सडपातळ, लांब पायांचे, वाऱ्यासारखे पळणारे. सावज दिसले की ते सुटतात; दिसेनासे झाले की त्यांचे काम बहुतांशी संपले. माग काढणाऱ्या कुत्र्याचे काम नेमके तेथेच सुरू होते, सावज दिसेनासे झाल्यावर.

ही विद्या युरोपात, विशेषतः जर्मन भाषिक प्रदेशात, फार काटेकोरपणे वाढली. तेथे हरणांची शिकार कायद्याने चालते, आणि गोळी लागूनही हरिण झाडीत निघून गेले तर त्याला तडफडत सोडणे हा शिकाऱ्याला मोठा कलंक मानतात. त्यासाठी हॅनोवरचे आणि बव्हेरियाच्या डोंगराळ भागातले हाउंड पैदा केले गेले: शांत, हट्टी, जमिनीला नाक लावून चालणारे. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचे असतानाच शिक्षण सुरू होते. हरणाच्या कातड्याचा तुकडा दोरीला बांधून गवतातून ओढत नेतात आणि शेवटी तेथे खाऊ ठेवतात. पिल्लाला तो खेळ वाटतो. मग कातड्याऐवजी स्पंजाने थेंब थेंब रक्त टाकतात. थेंबांतले अंतर वाढवितात. वाटेला वळणे देतात. आज टाकलेला माग उद्या काढायला लावतात. बुटांच्या तळाला हरणाचे खूर बसवून चालत माग घालण्याचीही रीत आहे, कारण हरणाच्या खुरांच्या फटीत गंधग्रंथी असतात आणि प्रत्येक पावलाबरोबर ते आपली खूण जमिनीवर सोडीत जाते. तेथील परीक्षेत एक हजार मीटर लांबीच्या मागावर रक्त फक्त पाव लिटर, आणि तो माग वीस तास, वरच्या परीक्षेत चाळीस तास, शिळा असतो. एवढ्या अवधीत त्यावरून ससे गेलेले असतात, रानडुकरे गेलेली असतात, दुसरी धडधाकट हरणेही गेलेली असतात. त्या साऱ्यांचा ताजा, मोहात पाडणारा वास बाजूला सारून ज्याचा माग घ्यायला सांगितले त्याच्याच मागावर राहणे, ही खरी परीक्षा. धावणे कुत्र्याला शिकवावे लागत नाही. सोडून देणे शिकवावे लागते.

हँडलरलाही शिकावे लागते. फेसाळ, फिकट लाल रक्त म्हणजे गोळी फुप्फुसात. गडद म्हणजे काळजात. हिरवट घाण मिसळलेली असेल तर पोटात. पोटात लागली असेल तर लगेच पाठलाग करायचा नाही, काही तास थांबायचे. उठविले की ते जखमी जनावर मैलोगणती पळते. आणि कुत्र्याने एक दिशा धरली व माणसाच्या बुद्धीला दुसरी योग्य वाटली, तर आपली बुद्धी गुंडाळून ठेवायची. मुख्याध्यापकाला हे शिकणे किती अवघड जाईल, याची आम्हाला कल्पना आहे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचा अंत झाला. गरज उलटी झाली. आता माग काढायचा तो हरणाचा नव्हे, हरिण मारणाऱ्याचा. ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी २००८ साली वनखात्यांसाठी श्वान तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. त्याचे बरेचसे शिक्षण आपल्या भोपाळला, विशेष सशस्त्र दलाच्या २३ व्या बटालियनच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले. पुढे हरियाणात पंचकुलाजवळ भानू येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या केंद्रातही होऊ लागले. जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉई या जाती अधिक. सहा-नऊ महिन्यांचे पिल्लू घेतात आणि एकेका कुत्र्याला दोन हँडलर देतात, म्हणजे एक आजारी पडला तरी कुत्रे पोरके होत नाही. प्रथम आज्ञापालन, मग गंधाची ओळख. वाघ-बिबट्याचे कातडे व हाडे, हस्तिदंत, अस्वलाचे पित्त असे वास एकेक करून चेंडूच्या खेळाशी जोडतात. वास सापडला की चेंडू. कुत्र्याच्या लेखी सारा गुन्हेतपास म्हणजे त्या चेंडूचा शोध! आमच्या सौंसरपासून फार लांब नसलेल्या पेंचसारख्या जंगलांना अशा पथकांचा आधार मोठा आहे. पेंच १९७७ मध्ये अभयारण्य, १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९२ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. पण पाटी लावल्याने फासे आणि तारा थांबत नाहीत.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी साठ लाखांच्या आसपास, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार वीस-तीस कोटींपर्यंत, असे शास्त्रज्ञ सांगतात. नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून तो श्वास सोडतो, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. पाय पडला की गवत चुरडते, माती उकरते. तारेची खुंटी ठोकताना घामेजलेला हात तिला लागला, आणि तोच माणूस पहाटे दवावरून चालत घरी गेला. दव होते म्हणून वास बसून राहिला. उन्हाळ्याची दुपार असती तर जमीन तापून वास उडाला असता आणि धापा टाकणाऱ्या कुत्रीला हुंगायला श्वासही उरला नसता.

न्यायालय मात्र कुत्र्याच्या नाकावर एकट्यावर विसंबत नाही, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली या पुराव्यावरचे आक्षेप नोंदविले: कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि माणसाचे स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगता येत नाही. कुत्रा तपासाला दिशा देतो; पुरावा माणसाने गोळा करायचा. तुराट्यांखालची तार हा पुरावा होता.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तारा लागतात हे आम्हाला ठाऊक होते. गावात कोणाला ठाऊक नव्हते? एका रात्रीत डुकरांनी मक्याचे वावर आडवे केले की शेतकऱ्याचे काय होते, हे आम्ही पाहिले आहे. नुकसानभरपाईच्या अर्जांवर विद्यार्थ्यांच्या बापांच्या सह्या घेतल्या आहेत आणि ते अर्ज कुठेतरी अडकून पडलेलेही पाहिले आहेत. अशा तारांनी माणसेही मरतात. तरीही आम्ही कधी कोणाच्या अंगणात जाऊन “ही काढा” म्हटले नाही. ते काम एका कुत्रीने केले, आणि तिने घर निवडताना कोणाची भीड धरली नाही.

दुसरी गोष्ट आमच्या गावकुत्र्यांची. जंगलकडेच्या गावांतली मोकाट कुत्री टोळीने चितळ-नीलगायींच्या पिल्लांमागे लागतात, फाडतातही. आणि पोरे त्याचे कौतुक सांगतात. शिवाय रोग. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने सुमारे हजार सिंह गेले. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांतही तोच विषाणू सापडला. जंगलाच्या कडेला कुत्रे पाळणाऱ्याने त्याला लस टोचून घ्यावी आणि रात्री बांधून ठेवावे, एवढे तरी आपल्या हाती आहे. आम्ही गुरांच्या डॉक्टरांना शाळेच्या आवारात बोलावतो. पहिल्या वर्षी चार कुत्री आली, त्यांपैकी एक आमचेच होते.

मुलगा शाळेत परतला. वडील जामिनावर सुटले, खटला चालू राहिला. विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना एक प्रयोग दिला. सुक्या बोंबलाचा तुकडा दोरीला बांधून बगीच्यातून दोनशे पावले माग घालायचा, शेवटी भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि गावठी कुत्रीला तिच्या नाकावर सोडायचे. कुत्री त्या मुलाचीच होती, काळी, एक कान पडलेला. सकाळी सातला घातलेला माग तिने बिनचूक काढला. दुपारी एकला घातलेल्या मागावर ती वीस पावलांत घोटाळली आणि सावलीत बसली. मुलांनी दोन्ही वेळा वहीत लिहून घेतल्या. त्याने मात्र आणखी एक माग घालण्याची परवानगी मागितली, नाल्यातून. कुत्री पाण्यापाशी अडली, मागे फिरली, अर्धवर्तुळ घेऊ लागली. मुले ओरडून तिला दिशा दाखवू लागली, तेव्हा त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केले आणि दोरी सैल सोडली.