सॉफ्टवेअर : विकतचे की वर्गणीचे?
जबलपूरच्या अधारताल औद्योगिक क्षेत्रातील लघुउद्योगांसमोरही हा प्रश्न आहे: सॉफ्टवेअरचा कायम परवाना घेऊन ते स्वतःच्या संगणकावर चालवावे, की क्लाउडवर वर्गणी भरून वापरावे? वर्गणीत सर्व्हर व देखभालीचा खर्च वाचतो, पण किल्ली पुरवठादाराकडे राहते. युरोपीय निर्बंधांनंतर जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीची सेवा थांबवली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर ती पूर्ववत झाली. लहान कारखानदाराला एवढी धाव कशी झेपणार? विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये हा धोका कमी. मात्र डिस्क बिघडल्यास जबाबदारी मालकाचीच. नोंदणीकृत कंपन्यांना तर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे २०२२ पासून बंधनकारक आहे. क्लाउडचा करार करताना वर्गणीच्या दराआधी, सेवा बंद झाल्यास नोंदी कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळतील, हे लेखी घ्यावे.