पशुवैद्यकांच्या शिक्षणात त्यांच्या संघटना नेमकं काय करतात?

हिंजवडीत आयटी पार्कभोवतीच्या टॉवरमध्ये लॅब्रेडॉर आहेत आणि जवळच्या माण, मारुंजीच्या गोठ्यांत म्हशी. या दोघांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची पदवी मात्र एकच असते, बी.व्ही.एससी. अँड ए.एच.

हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यातलं शेवटचं 1 वर्ष इंटर्नशिपचं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणाऱ्या शिरवळच्या सरकारी कॉलेजात, किंवा मुंबई, नागपूर, परभणी, उदगीरला, विद्यार्थी याच काळात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, घोडा, कुत्रा आणि वन्यप्राणी असं सगळं शिकतात. माणसांच्या डॉक्टरला एकाच प्रजातीसाठी एवढीच वर्षं लागतात. त्यामुळे कुत्र्याच्या दातांची शस्त्रक्रिया किंवा मांजराच्या हृदयाची सोनोग्राफी नीट हातात बसायची तर पदवीनंतर शिकावंच लागतं. इथेच संघटना येतात.

परिषद आणि संघटना एकच का?

नाही, आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. भारतीय पशुवैद्यक परिषद ही 1984 च्या कायद्याने तयार झालेली नियामक संस्था आहे. कॉलेजमध्ये किमान काय शिकवायचं आणि कुठली पदवी मान्य करायची, हे तिच्या कक्षेत येतं. डॉक्टरांची नोंदणी राज्य परिषद करते. इंडियन व्हेटरनरी असोसिएशन ही मात्र पशुवैद्यकांची स्वतःची संघटना, डॉक्टरांच्या 'आयएमए'सारखी. ती कुणाला परवाना देत नाही.

तरीही कायद्याने संघटनांना परिषदेत जागा दिली आहे. परिषदेच्या 27 सदस्यांपैकी 1 जण इंडियन व्हेटरनरी असोसिएशन पाठवते आणि आणखी 1 राज्य संघटनांच्या अध्यक्षांमधून घेतला जातो. 11 सदस्य नोंदणीकृत पशुवैद्यक मतदानाने निवडतात. म्हणजे अभ्यासक्रम ठरतो तिथे संघटनांचा आवाज असतो, पण निर्णय त्यांच्या एकट्याच्या हातात नसतो. अमेरिकेत गणित वेगळं आहे. तिथे कॉलेजांना मान्यता देणारं मंडळ पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेचंच आहे.

संघटनांचं खरं काम पदवीनंतर दिसतं. इंडियन सोसायटी फॉर व्हेटरनरी सर्जरीसारखी विषयवार संघटना अधिवेशनं भरवते, नियतकालिक काढते. पेट प्रॅक्टिशनर्स असोसिएशन ऑफ मुंबई शहरी दवाखान्यांच्या गरजा बघते. अशा कार्यशाळेत तरुण डॉक्टर एखादी शस्त्रक्रिया अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून शिकतो. पुस्तकातून हे येत नाही.

अडचणीही आहेत. बऱ्याच कार्यक्रमांचा खर्च औषध आणि पशुखाद्य कंपन्यांच्या प्रायोजकत्वातून निघतो. कंपनीच्या पैशातून होणारं शिक्षण कंपनीच्या मालाकडे झुकणार नाही, याची काळजी संघटनेलाच घ्यावी लागते. शिवाय शहरातल्या हॉटेलात रविवारी होणारी कार्यशाळा हिंजवडीतल्या दवाखान्याला सोयीची असते, पण मुळशीच्या डोंगराळ भागात एकटं काम करणाऱ्या डॉक्टरला नाही. दुभत्या जनावरावर ज्यांचं घर चालतं, त्यांच्या डॉक्टरला नवं ज्ञान उशिरा मिळावं, हे बरं नाही.

दुसरा वाद जुना आहे. कायद्यानुसार उपचार नोंदणीकृत पदवीधरानेच करायचे. पदविकाधारकांना राज्य सरकार परवानगी देऊ शकतं, पण ती फक्त किरकोळ सेवांसाठी आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. 'किरकोळ' म्हणजे किती, यावर पदवीधर आणि पदविकाधारक आपापल्या संघटनांमधून भांडत आले आहेत. यात शिक्षणाच्या दर्जाची काळजी आहे, तशी रोजगाराचीही. दोन्ही बाजू पहिलीच बोलून दाखवतात, एवढंच.

आपल्या प्राण्याला दवाखान्यात नेताना भिंतीवर लावलेलं संघटनेच्या सदस्यत्वाचं किंवा कार्यशाळेचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. विचारायचा तो राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक.