विडी उकलून पाहिली तर

परदेशातल्या सिगारच्या शौकिनांमध्ये एक गमतीचा प्रकार चालतो. महागातली सिगार घ्यायची, ती ओढायची नाही, धारदार पात्याने उभी चिरायची आणि आत काय भरले आहे ते पाहायचे. तंबाखूची लांब पाने दुमडून ठेवलेली, त्यांच्याभोवती त्यांना बांधून धरणारे एक दणकट पान आणि सर्वांत वर तलम, बिनडागी पान निघाले, की माल अस्सल. भुगा निघाला तर पैसे बुडाले. पोटातली पानेही एका तऱ्हेची नसतात. झाडाच्या शेंड्याकडची पाने जोरकस आणि हळू जळणारी, बुडाकडची सौम्य आणि चटकन पेट घेणारी. त्यांचा मेळ जमवणे ही कला मानतात, आणि डब्यावर 'हाताने वळलेली' असे छापले की किंमत वाढते.

मराठी मुलखात सिगार रुजली नाही. ती तमिळनाडूत, तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलच्या बाजूला होत आली. आपल्याकडे आहे ती विडी. तीही हातानेच वळलेली असते, एकूण एक. पण तिच्या कट्ट्यावर ही गोष्ट कोणी मिरवत नाही.

म्हणून सिगारीऐवजी विडी उकलून पाहू. मी ओढत नाही, आणि तुम्हीही ओढू नये असेच सांगेन. पण उकलायला हरकत नाही. खाली वर्तमानपत्र पसरावे आणि टोकाकडचा दोरा आधी सोडावा. हा दोरा म्हणजे विडीचे कुलूप. डिंक नाही, खळ नाही. एवढ्या दोन-तीन वेढ्यांवर सगळा डोलारा उभा असतो. पुष्कळ कारखान्यांचा दोऱ्याचा रंग ठरलेला असतो आणि गिऱ्हाईक त्यावरून आपला छाप ओळखते. मग दुसरे, रुंद टोक पाहावे. तिथे पानाच्या कडा आत दाबून तोंड बंद केलेले असते, तंबाखू सांडू नये म्हणून. ते काम नखाने किंवा छोट्या लोखंडी तुकड्याने होते.

आता पान उलगडते. ते तेंदूचे, म्हणजे टेंभुर्णीचे. कापलेला चौकोन असतो, पण वळताना तिरपा धरतात. त्यामुळे विडी नळीसारखी सरळ न होता एका बाजूला निमुळती होते. पान उजेडाकडे धरले तर शिरा दिसतात. जाड शीर आडवी आली तर पान तिथे फाटते, म्हणून कापणारी बाई आधी शीर पाहते आणि मग कात्री चालवते. त्यातली तंबाखू सिगारेटीसारखी तंतूतंतूंची नसते, कणी असते. ती गुजरातमधल्या खेडा-आणंदकडच्या चरोतरची असते किंवा आपल्या सीमेवरच्या निपाणीची. वजनाला ग्रॅमचा पाचवा हिस्सा, त्याच्या थोडी इकडे-तिकडे.

एवढीशी तंबाखू, आणि वर झाडाचे पान, म्हणून विडी सिगारेटीपेक्षा बरी असा समज खेड्यापाड्यांत अजून आहे. तो खोटा आहे. तेंदूच्या पानातून सिगारेटच्या कागदासारखी हवा खेळत नाही. विडी सारखी विझू पाहते, तिला पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावे लागते. तंबाखू कमी असूनही एका विडीमागे छातीत जाणारे विष सिगारेटीपेक्षा कमी नसते.

जाता जाता शब्दाचे सांगतो, कारण कवीला तो मोह आवरत नाही. विडा आणि विडी एकाच घरातले. पान गुंडाळून केलेला तो विडा, त्याची धाकटी ती विडी. विडा लग्नात मान मिळवतो, पराक्रमासाठी उचलला जातो. विडी मात्र कानावर ठेवली जाते.

तेंदूपान येते गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलांतून. उन्हाळा तापला की माणसे पहाटे अंधारात रानात जातात. पाने खुडून, सत्तर-सत्तरांचे पुडे बांधून उन्हात वाळवतात. २०१३ पासून काही ग्रामसभांनी वनहक्काच्या जोरावर पानांची विक्री स्वतः करायला सुरुवात केली. तंबाखूची बाजूही सोपी नाही. निपाणीत १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा जण मेले. तिथल्या वखारींत तंबाखूच्या धुरळ्यात राबणाऱ्या बायकांच्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने पुढच्याच वर्षी चित्रपट काढला.

पण सगळ्यात मोठा ऐवज विडीत असतो तो हाताचा, आणि उकलून तो दिसत नाही. त्याचा हिशेब मांडावा लागतो. पान रात्री भिजवायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायचे, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचे, तंबाखू घालून वळायचे, तोंड मोडायचे, दोरा बांधायचा, मोजून जुड्या करायच्या. वळणारी बाई दिवसाला सहाशे ते हजार विड्या करते. आठशे धरा. आठ तासांचे सेकंद होतात २८,८००. म्हणजे एका विडीला छत्तीस सेकंद, आणि त्यातच भिजवणे-कापणेही आले. मधे भाकरी टाकायची, लेकराला घ्यायचे, तर दिवस आठ तासांचा राहत नाही, आणि घरातल्या मुलीचे हातही सुपात येतात.

ही घरे सोलापुरात आहेत, सिन्नर-संगमनेरकडे आहेत. आमच्या परभणीत विडीचा मोठा धंदा नाही. पण नांदेड ओलांडून तेलंगणात उतरले की निर्मल, निजामाबादच्या बाजूला ओसरी-ओसरीवर सूप मांडलेले दिसते.

मजुरी हजारावर मिळते. पान आणि तंबाखू ठेकेदार तोलून देतो आणि त्यात अमुक विड्या झाल्याच पाहिजेत असा हिशेब बांधलेला असतो. पान किडके, डागी किंवा जाड शिरांचे निघाले की तेवढ्या विड्या होत नाहीत. उरलेले पान बाईने पदरचे पैसे घालून आणायचे. मग संध्याकाळी माल जमा करताना निवड होते. ही बारीक, ती ढिली, हिचे तोंड उघडे. बाजूला पडते ती 'छाट'. सिगारीच्या कारखान्यातही निवड होतेच, पण इथे पान खराब देणारा आणि विडी खराब ठरवणारा एकच असतो. छाटीची मजुरी कापली जाते. विडी बहुधा परत मिळत नाही, आणि ती ओढण्याजोगी असते हे सगळ्यांना ठाऊक असते. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत, साधारणपणे शेकडा पाचाहून जास्त माल छाट ठरवू नये, असे लिहावे लागले. नियम आपोआप सुचत नाहीत. आधी तक्रारींचा ढीग लागतो.

क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक रीत आहे. कामगार वळत असतात आणि एक वाचक उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. सुरुवातीला त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. हात गुंतलेले, कान मोकळे. आपल्याकडे ते काम रेडिओने केले. ही भाषणे ऐकणाऱ्यांतही मांडीवर सूप घेतलेल्या कोणी असतील, असे मला नेहमी वाटते.

संघटना झाली तिथे काही पदरात पडले. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवून कल्याण निधी केला होता. तो उपकर २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बंद झाला. १९६६ चा कायदाही आता २०२० च्या कामगार संहितेत विरघळला आहे.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर आईचे विडी कामगार म्हणून ओळखपत्र लागते. ओळखपत्रासाठी ती विड्या वळते याचा कागद लागतो. तो कागद ज्याने द्यायचा, तो पुष्कळदा तिचे नाव वहीत घालत नाही. दिवसाच्या आठशे विड्या मात्र वहीत चढलेल्या असतात.