जहाजांची वाट वाकवणारा नकाशा

मी जीआयएसमध्ये, म्हणजे भौगोलिक माहितीचे थर संगणकावर नकाशावर मांडण्याच्या क्षेत्रात, काम करते. परवा एका सहकाऱ्याने बॉस्टनजवळच्या समुद्राचा जुना नकाशा दाखवला आणि मी बघतच राहिले.

नकाशावर ठिपके होते, कित्येक वर्षांत देवमासे जिथे जिथे दिसले त्या जागांचे. सगळ्यात दाट गर्दी स्टेलवॅगन बँक या पाण्याखालच्या उथळ पठारावर. आणि बॉस्टन बंदरात येणारा जहाजमार्ग नेमका त्या गर्दीतून गेलेला!

इथे नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल येतो. जगात उरलेत जेमतेम पावणेचारशे. काळा, संथ, पाठीवर पर नाही, पृष्ठभागालगत पोहणारा. मोठ्या जहाजावरून तो दिसला, तरी वळायला वेळ कुठे असतो?

देवमाशाला वाट बदलायला सांगता येत नाही, जहाजाला येते. ठिपक्यांचा थर आणि जहाजवाहतुकीचा थर एकावर एक ठेवले, तेव्हा थोडं उत्तरेला देवमासे विरळ असल्याचं दिसलं. २००७ मध्ये मार्ग तिकडे सरकवला. फेरीमागे काही मिनिटंच वाढली, पण राइट व्हेलला धडकण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. मला हा आमच्या क्षेत्रातला सर्वांत सुंदर निर्णय वाटतो.

पुढच्याच वर्षी ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत, ६५ फूट वा त्याहून लांब जहाजांना १० नॉटची वेगमर्यादा आली. ती पाळली जाते का, हे जहाजांच्या एआयएस संदेशांवरून, म्हणजे जहाज स्वतःची जागा आणि वेग आपोआप कळवतं त्यावरून, कळतं.

थर कसे जुळवतात, कुठलं मोफत सॉफ्टवेअर वापरायचं, काहीही विचारा. कमेंटमध्ये सविस्तर सांगेन.